मंडळीच्या जुन्या नोंदवह्या आणि आपलें कूळ



एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत बाबेलच्या बंदिवासांतून परत आलेल्या लोकांची एक लांबलचक यादी आहे. उपासनेंत ती वाचण्याचा प्रसंग बहुधा येत नाहीं, आणि घरीं वाचतांनाहि आपण दोनचार ओळी पाहून पान उलटतों. परंतु त्या यादीच्या शेवटाकडे जी एक हकीकत आहे ती आजच्या पाठासाठीं आपण काढून पाहूं. दलाया, तोबीया व नकोदा या तीन घराण्यांतील लोकांस आपण इस्राएलापैकीं आहों हें दाखवितां आलें नाहीं. याजकांपैकींहि कांहीं घराण्यांनीं आपल्या वंशाचा लेख शोधला, तो सांपडला नाहीं, आणि तेवढ्यावरून त्यांस याजकपणापासून दूर ठेवण्यांत आलें. त्यांतील एक घराणें बर्जिल्लयाचें. त्याच्या मूळ पुरुषानें गिलादी बर्जिल्लयाच्या मुलींपैकीं एकीशीं लग्न केलें व सासरच्या घराण्याचेंच नांव स्वतःस लावून घेतलें. हीच यादी नहेम्याच्या सातव्या अध्यायांत पुन्हां आली आहे. एज्रांत त्या तीन घराण्यांचीं माणसें ६५२ आहेत, नहेम्यांत तीं ६४२ आहेत.

लेख हरवतो, नांव बदलतें, आणि एका पुस्तकांतून दुसऱ्यांत उतरतांना आंकडा चुकतो. आपल्या मंडळीच्या जुन्या नोंदवह्या उघडून आपल्या पणज्याचा शोध घेऊं पाहणाऱ्या मनुष्यास ज्या तीन अडचणी पडतात, त्या तिन्ही येथें दिसतात.

कोणी म्हणेल कीं, पौलानें तीमथ्याला व तीताला वंशावळींच्या वादांत न पडण्याविषयीं बजाविलें आहे, मग या पाठाचें प्रयोजन काय? पौलाचा रोख ज्या वंशावळींवर आहे त्या अंत नसलेल्या व वाद उत्पन्न करणाऱ्या होत्या. कुळाचा डौल मिरविण्यासाठीं जो नोंदवही उघडतो त्याला ती सूचना आजहि लागू आहे, आणि याच लेखांत पुढें आम्हांस आमच्याच घरची एक गोष्ट सांगावयाची आहे, तिच्यांत हा डौल कसा उतरला तें दिसेल. परंतु दुष्काळांत ताटातूट झालेल्या भावंडांची वाट शोधणें हें काम निराळें आहे.

प्रथम अशा वह्या ठेवण्याची रीत कोठून आली तें थोडक्यांत पाहूं. इंग्लंडांत १५३८ सालीं आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक गांवच्या धर्मगुरूनें एक वही ठेवावी, तींत त्या आठवड्यांत झालेले बाप्तिस्मे, लग्नें व दफनें दर रविवारीं साक्षीदारांसमक्ष लिहावीं, आणि ती वही दोन कुलपांच्या पेटींत ठेवावी. लोकांस वाटलें कीं, हा नवा कर बसविण्याचा डाव आहे. त्या वेळीं तसें नव्हतें. पण भीति अगदींच वेडी नव्हती, कारण १७८३ पासून १७९४ पर्यंत तेथें प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर खरोखरच होता, व गरिबांना तो माफ असल्यामुळें त्या वर्षांत नोंदींतील गरिबांची संख्या कांहीं गांवीं एकाएकीं वाढलेली दिसते. पहिल्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. १५९८ सालीं ठरलें कीं, यापुढें चामड्याच्या टिकाऊ पानांवर लिहावें व जुन्या नोंदीहि त्यांवर उतरून घ्याव्या, निदान एलिझाबेथ राणी गादीवर बसली त्या १५५८ सालापासूनच्या तरी. ही सवलत मिळतांच पुष्कळांनीं आधींचीं वीस वर्षें सोडून दिलीं. म्हणून इंग्लंडांतील कित्येक गांवच्या वह्या बरोबर १५५८ लाच सुरू होतात. एका शब्दाच्या सवलतीनें वीस वर्षांचीं माणसें गेलीं! परंतु त्याच हुकुमानें दर वर्षाची एक नक्कल बिशपाकडे पाठविण्याची रीतहि पाडली, आणि गांवची वही जळाली तरी बिशपाकडील नक्कल मिळते असा अनुभव पुढें अनेकांस आला.

रोमन कॅथोलिक मंडळींत ट्रेंट येथील सभेनें १५६३ सालीं बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदी पाळकांवर बंधनकारक केल्या. गोव्यांतील व वसईकडील आपल्या कॅथोलिक बांधवांच्या चर्चांतून जीं जुनीं पुस्तकें असतात त्यांची रीत तेथूनची. त्यांत धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवेंहि असतात, आणि तीं बहुधा नात्यांतलींच माणसें असल्यानें शोध करणाऱ्यास त्यांचा मोठा उपयोग होतो.

आतां आपल्या दारीं येऊं. महाराष्ट्रांत अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें घातलें. नाशकास शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीनें वसविली. जालन्याजवळ बेथेल येथें स्कॉटिश मिशनाचे नारायण शेषाद्री यांनीं वस्ती केली. प्रत्येक मिशनाची वही ठेवण्याची तऱ्हा निराळी, आणि ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें शोध करणारे फसतात. अँग्लिकन मंडळींत बाप्तिस्मा, लग्न व दफन अशीं तीन छापील पुस्तकें असतात. अमेरिकन मिशनाच्या मंडळ्यांत यांशिवाय सभासदांची एक यादी असते, आणि आमच्या मतें सर्व वह्यांत हीच अधिक बोलकी. तींत मनुष्य मंडळींत केव्हां घेतला, विश्वास कबूल करून घेतला कीं दुसऱ्या मंडळीचें पत्र आणून, पुढें तो कोठें गेला, शिस्तीखालीं आला काय, परत घेतला काय, मेला केव्हां, हें सारें एका ओळींत लिहिलेलें असतें. त्या ओळीच्या शेवटीं जर अमुक गांवच्या मंडळीस पत्र दिलें असा शेरा असेल, तर शोध करणाऱ्याच्या हातीं पुढच्या गांवची वाटच आली.

लग्नाच्या पुस्तकाविषयीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. १८७२ सालच्या भारतीय ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यानें लग्नाची नोंद कशी ठेवावी हें ठरवून दिलें आणि ठरलेल्या रीतीनें त्या नोंदींचे उतारे सरकारी निबंधकाकडे जाऊं लागले. म्हणून मंडळीचें पुस्तक वाळवीनें खाल्लें असलें तरी लग्नाची नोंद दुसरीकडे असूं शकते. शिवाय त्या नोंदींत वर व वधू या दोघांच्याहि बापाचें नांव असतें, आणि साक्षीदारांच्या सह्या असतात. त्या सह्या कोणी वाचीत नाहीं. आम्हीहि पहिल्यानें वाचल्या नव्हत्या.

शोधाची सुरुवात वहीपासून करूं नये. ती घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापासून करावी, आणि पाटपाण्याची व सुगीची वेळ सोडून करावी. आजी म्हणजे बापाची आई कीं आईची आई, मावशी खरी कीं शेजारधर्माची, हें तेथल्या तेथें विचारून लिहावें. मग आपल्यापासून मागें जावें. पणजोबाचें नांव ऐकून माहीत आहे म्हणून एकदम १८८० च्या वहींत शिरणारा मनुष्य त्याच नांवाच्या परक्या मनुष्यास आपला पणजा करून घरीं येतो. हें आम्हीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे. याकोब, दानीएल, शांतवन हीं नांवें एकेका मंडळींत एकाच वेळीं तिघांचौघांचीं असत. सुदैवानें आपल्या रिवाजांत मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव येतें. इंग्लंडांतल्या नोंदींत हा लाभ नाहीं. आपली एक नोंद दोन पिढ्या सांगते, आणि तिसरें नांव जुळल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये.

आडनांवाचा मात्र भरंवसा नाहीं. पहिल्या पिढींतील पुष्कळांस आडनांव नव्हतें, किंवा असूनहि लिहिलें नाहीं. कोणी गांवावरून लावलें, कोणी शाळेंत मास्तरांनीं विचारलें तेव्हां तेथल्या तेथें ठरविलें, दोन सख्ख्या भावांचीं आडनांवें दोन झालीं. बर्जिल्लयाची गोष्ट पुन्हां आठवावी. स्त्रियांच्या बाबतींत तर माहेरचें नांव एक, बाप्तिस्म्याचें दुसरें, आणि सासरीं हांक मारण्याचें तिसरें. कित्येक ठिकाणीं नुसतें अमक्याची बायको एवढेंच. मिशनरी साहेबानें रोमी अक्षरांत लिहिलें असल्यास शब्द मोठ्यानें उच्चारून पाहावा, कारण जुने साहेब कानाला जसें वाटे तसें लिहीत व एकाच मनुष्याचें नांव दोन पानांवर दोन तऱ्हांनीं लिहीत.

लिपीहि अडविते. कांहीं जुनीं टिपणें मोडींत आहेत. मोडी वाचणारें माणूस आजहि मिळतें, नसल्यास ती शिकतांहि येते. दोन महिने रोज अर्धा तास दिला तर नांवें व तारखा तरी लागूं लागतात.

तारखांचें थोडें गणित सांगून ठेवतों. शके दिलें असेल तर त्यांत ७८ मिळवावे. मात्र महिना पौषानंतरचा असून जानेवारी लागून गेला असेल तर ७९. शके १८२२ चा चैत्र म्हणजे सन १९०० चा मार्च-एप्रिल, परंतु त्याच शकाचा माघ सन १९०१ मध्यें पडतो. फसली सन दक्षिणेंतला असेल तर ५९० मिळवावे, व मृगापासून वर्ष सुरू होतें हें लक्षांत घेऊन जानेवारीपुढें ५९१. इंग्लंडांतील जुन्या वह्यांतहि असाच घोटाळा आहे: १७५१ पर्यंत तेथें वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, आणि १७५२ च्या सप्टेंबरांत तर २ तारखेच्या दुसऱ्या दिवशीं १४ तारीख आली. वय या रकान्याकडे मात्र गणित म्हणून पाहूंच नये. तीस, चाळीस, पन्नास असे गोल आंकडे दिसले म्हणजे पाळकानें चेहऱ्याकडे पाहून लिहिलें असें समजावें.

आतां दुष्काळाचीं मुलें. आपल्या मंडळ्यांतील किती तरी कुटुंबांची वाट १८७६ ते १८७८ च्या, किंवा १८९६-९७ च्या, किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळापाशीं येऊन थांबते. शेवटचा तो ज्याला गुजरातेंत छप्पनियो म्हणतात, कारण तो संवत् १९५६ चा. त्या वर्षांत अनाथालयें भरलीं. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून व पुढें १९०० सालीं गुजरातेंतून मुली आणल्या. त्या केडगांवच्या मुक्तिसदनांत वाढल्या व त्यांतील अनेकींचीं लग्नें मराठी ख्रिस्ती घरांत झालीं. तेव्हां ज्या कुटुंबांत आजी कधीं कधीं वेगळाच शब्द बोले अशी आठवण आहे, त्यानें तिचें माहेर महाराष्ट्रांत धरूनच चालूं नये. नाशिकच्या शरणपुराची कथा याहून लांबची. तेथें समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें वाढविलीं जात; डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ सालीं वारले तेव्हां त्यांचें प्रेत समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत या शाळेंत शिकलेले तरुण होते, आणि पुढें १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रीरटाउन ही वस्ती झाली तींत येथले पुष्कळ जण गेले. गोदावरीकाठच्या वहींतला धागा केन्यांत निघतो तो असा.

अनाथालयाची वही बाप्तिस्म्याच्या वहीहून निराळी असते. तिला मंडळीचे लोक हिशेबाची वही समजतात व म्हणून तीच अगोदर रद्दींत जाते. अन्नाचा, कपड्याचा खर्च लिहितांना कारकुनानें मूल कोणी आणलें, कोठून आणलें, बरोबर कोण होतें हें एका ओळींत टिपलेलें असतें, आणि पुढें बाप्तिस्म्याच्या वेळीं यांतलें कांहींच उतरत नाहीं.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगतों. आमचे आजोबा दुष्काळांतले. घरांत कथा अशी होती कीं, ते गोदावरीच्या कांठच्या एका पाटलाचे एकुलते एक पुत्र, दुष्काळांत घरदार गेलें, मिशनानें वाढविलें. आमच्या थोरल्या चुलत्यांनीं ही कथा लग्नकार्यांत शंभर वेळां सांगितली असेल. सुमारें तीस वर्षांपूर्वीं नगर जिल्ह्यांतील एका मंडळीच्या पाळकसाहेबांनीं आम्हांस त्यांच्या कपाटांतील वह्या पाहूं दिल्या, आणि चुलतेहि मोठ्या हौसेनें आमच्याबरोबर आले.

दफनाच्या वहींत १९६१ सालीं आजोबांचें वय ६५ लिहिलें होतें. म्हणजे जन्म १८९६. लग्नाच्या पुस्तकांत १९१९ सालीं वय २४, म्हणजे १८९५. बाप्तिस्म्याच्या वहींत १९०२ सालीं वय ८, म्हणजे १८९४. तीन वह्या आणि तीन जन्मसालें! जी नोंद जन्माच्या जवळची तिच्यावर विश्वास ठेवावा हा साधा नियम. म्हणून आम्हीं १८९४ धरलें. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बापाच्या नांवाच्या जागीं ‘मयत’ एवढाच शब्द होता. परंतु लग्नाच्या पुस्तकांत बापाचें नांव स्पष्ट लिहिलेलें होतें. आठव्या वर्षीं जें नांव कोणास सांगतां आलें नाहीं तें चोविसाव्या वर्षीं कोणी सांगितलें? कोणी तरी जाणतें माणूस मध्यंतरीं भेटलें असलें पाहिजे. तेव्हां आम्हीं पुन्हां मागें जाऊन साक्षीदारांच्या सह्या वाचल्या. एक सही परगांवच्या मंडळींतील एका उपदेशकाची होती.

त्या गांवीं जाण्यास आम्हांस दोन वर्षें लागलीं; कामधंदा सोडून अशा गोष्टी कोण करतो? तेथल्या सभासदांच्या यादींत त्या उपदेशकाची ओळ सांपडली व तिच्याखालीं त्याच्या बायकोची. तिच्या बापाचें नांव तेंच. गांव तेंच. तिचा मृत्यु ऑक्टोबर १९१८ मध्यें, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या सांथींत झालेला. मग पहिल्या मंडळींत परत येऊन आम्हीं १९०२ चीं पानें पुढून मागून वाचलीं. मुलींचे बाप्तिस्मे निराळ्या दिवशीं झाले होते, म्हणून ती तीन पानें आधीं होती: वय १२. आजोबांना थोरली बहीण होती. तीं दोघें एकाच आवारांत निराळ्या वसतिगृहांत वाढलीं, आणि आमच्या वडिलांचा जन्म होण्यापूर्वीं बारा वर्षें ती वारली. घरांत तिचें नांवहि कोणी घेत नसे.

उपदेशकाच्या ओळीच्या शेवटीं शेरा होता: १९२० सालीं सोलापूरच्या मंडळीस पत्र दिलें. दोन मुलगे बरोबर.

हें सर्व पाहत असतांना जातीचा रकाना डोळ्यांपुढें होताच. दोघां भावंडांच्या नोंदींत एकच शब्द होता, आणि तो पाटलाच्या घराचा नव्हता. आमच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबें महार व मांग या समाजांतून आलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. आमचें घर यांतलें दुसरें. चुलत्यांनीं तो शब्द दोनदां वाचला. मग चष्मा काढून ते आम्हांस म्हणाले, “हें पान इथून काढून टाकतां येईल काय?” पाळकसाहेब बाहेर गेले होते. खोलींत आम्ही दोघेच होतों, आणि पान जुनें, कडेनें सुटलेलें.

आम्हीं पान काढलें नाहीं. त्याच पानावर आणखी नऊ मुलांचीं नांवें होतीं व त्यांच्या नातवंडांस विचारल्यावांचून तें आमचें नव्हतें, असें आम्हीं त्यांस सांगितलें. ते रागावले. परततांना गाडींत एक शब्द बोलले नाहींत, आणि पाटलाची गोष्ट मात्र पुन्हां कोणत्याहि लग्नांत आम्हीं त्यांच्या तोंडून ऐकली नाहीं. पुढें सोलापूरच्या यादीवरून त्या दोन मुलग्यांचीं घरें लागलीं तेव्हां ते आमच्याआधीं एकटेच तेथें जाऊन आले.

उपदेशकबंधूंस येथें एक सांगणें आहे. जुनी वही परक्यास दाखवितांना फक्त त्याच्या कुटुंबाचीं पानें दाखवावीं. शिस्तीचे शेरे, सोडचिठ्ठ्या, अनौरस म्हणून लिहिलेलीं मुलें, हें सर्व तींत असतें. ज्यांचीं नातवंडें आज त्याच बांकांवर बसतात त्यांच्या गोष्टी चहाबरोबर निघूं नयेत. जातीविषयींचा रकाना खोडणें किंवा त्यावर कागद चिकटविणें हेंहि करूं नये. कांहीं ठिकाणीं हें सद्भावानें केलेलें आम्हीं पाहिलें आहे, व त्यामुळें दोन नोंदींतील एकाच नांवाचीं दोन माणसें वेगळीं करण्याचें शेवटचें साधन नष्ट झालें.

ज्यांची गांवची वही नाहींशीच झाली त्यांनीं काय करावें? १९७० सालीं २९ नोव्हेंबर रोजीं नागपुरास चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें व निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्या वेळच्या व त्यानंतरच्या फिरवाफिरवींत कित्येक वह्या गांवाहून धर्मप्रांताच्या कचेरींत गेल्या. प्रथम तेथें विचारावें. मिशनऱ्यांचीं पत्रें व अहवाल परदेशांत जपलेले आहेत: अमेरिकन बोर्डाचे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयांत, चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठांत, एस. पी. जी. चे ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत, स्कॉटिश मिशनांचे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत मुंबई इलाख्यांतील चर्चांच्या नोंदींच्या नकला १७०९ पासूनच्या आहेत, परंतु त्यांत मुख्यतः युरोपियन व अँग्लो-इंडियन लोक असल्यामुळें आपल्या खेड्यांतल्या माणसानें तेथें फार आशा ठेवूं नये. १८४२ सालीं नगरास निघालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक मात्र अवश्य पाहावे. कबरस्तानांतील दगड पाहतांना दुपार टाळून सकाळीं जावें. उन्हाची तिरीप आडवी पडली म्हणजे झिजलेलीं अक्षरें उठून दिसतात.

राहिली वह्यांची निगा. वाळवी, पावसाळा व चिकटपट्टी हे तिचे तीन शत्रु, आणि तिसरा आपल्याच प्रेमाचा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. कांहीं वर्षांनीं ती पिवळी पडते व अक्षरें घेऊन सुटते. प्लॅस्टिकमध्यें गरम करून पान बंद करून घेण्याची जी हल्लीं चाल पडली आहे तीहि वाईट. वही कोरड्या जागीं, भिंतीपासून दूर, जमिनीपासून हातभर वर ठेवावी. दसऱ्याच्या सुमारास एकेक पान उलटून वारा द्यावा, ऊन देऊं नये. मोबाइलवर प्रत्येक पानाचें चित्र घेतां येतें. खिडकीच्या उजेडांत, वही पुरी न ताणतां, पानाचे चारहि कोपरे दिसतील असें घ्यावें, आणि चित्रें एकाच्याच मोबाइलमध्यें न ठेवतां मंडळीचा चिटणीस व पाळक या दोघांकडे ठेवावीं. १५३८ च्या दोन कुलपांचा अर्थ हाच होता.

सन १९६९ च्या कायद्यानें जन्ममृत्यूची नोंद ग्रामपंचायतींत होते म्हणून मंडळीच्या वहीचें काम संपलें असें कांहीं तरुण उपदेशक म्हणतात व बाप्तिस्म्याच्या नोंदींत मुलाचें नांव आणि तारीख एवढेंच लिहून मोकळे होतात. त्यांनीं मुलाच्या बापाचें पूर्ण नांव लिहावें, आईचें माहेरचें नांव व माहेरचा गांव लिहावा, कुटुंब दुसऱ्या मंडळीहून आलें असल्यास तिचें नांव लिहावें, आणि पेनाची शाई पाण्यानें फुटत नाहीं ना हें एका कोपऱ्यांत ओलें बोट लावून पाहावें. आईच्या माहेरचा रकाना छापील पुस्तकांत नसतो. तो समासांत लिहावा.